फायबरच्या बोटीत पाणी साचून राहिलं: बूच, पंप की भोक?

धरणकाठ
नागपूर जिल्ह्यातल्या एका जलाशयावर पिंजऱ्यातल्या मासळीला खाद्य टाकायची बोट आहे. १४ फुटी, फायबरची, मागे ९.९ एचपीचं इंजिन. बाहेरचा तळ आणि आतला फ्लोअर यांच्यामध्ये पोकळी आहे आणि तिच्यात पिवळा फोम भरलेला आहे. फ्लोअर म्हणजे प्लायवूड, वरून फायबर. मागच्या उभ्या फळीत, अगदी तळाशी, २५ मिमीचं भोक आणि त्याला रबरी बूच. पाऊस झाला की फ्लोअरवर मागच्या बाजूला चार बोटं पाणी उभं राहतं आणि ते बुचापर्यंत पोचतच नाही. तीन उपाय सुचवले गेले: (अ) फ्लोअरला भोकं पाडून पाणी खालच्या पोकळीत सोडायचं, (आ) मागच्या फळीत फ्लोअरच्या पातळीला दोन भोकं पाडून पाणी थेट बाहेर काढायचं, (इ) पंप बसवायचा. कोणता घ्यावा?

डोंगा_४४०
ड्रिल बाजूला ठेवा, आधी टेप घ्या भाऊ.

बोट पाण्यात सोडा आणि रोजचं वजन भरा. इंजिन जागेवर, पेट्रोलची टाकी भरलेली, खाद्याची पोती आणि दोन माणसं, तीही मागे बसलेली. मग इंजिन लावतात त्या काठापासून बाहेरच्या पाण्यापर्यंत किती सेंमी ते मोजा. त्याच काठापासून आत फ्लोअरपर्यंत किती तेही मोजा. आतलं माप बाहेरच्यापेक्षा कमी आलं तर फ्लोअर पाण्याच्या वर आहे. वजाबाकी करून जे उरेल तेवढीच तुमची सवलत. (आ) चालेल की नाही हे त्या एका आकड्यावर ठरतं, कारागिराच्या मतावर नाही.

रेझिनवाला
मापं येईपर्यंत (अ) बद्दल सांगून टाकतो: अजिबात नको. फ्लोअरखाली फोम आहे म्हणजे ती निचऱ्याची जागा नाही. तो फोम पॉलियुरेथेनचा असतो, घनमीटरला साधारण ३२ किलो. नवा असताना पाणी फारसं घेत नाही, पण वर्षानुवर्षं पाण्यात बसला की कप्पे फुटतात आणि पाणी धरून ठेवतो. मग ते बुचातून येत नाही, उन्हानं सुकत नाही. बोट दरवर्षी थोडी जड होत जाते आणि दोष इंजिनला लागतो.

भोक पाडल्यावर प्लायवूडची कड उघडी पडते ते वेगळंच. वरचा फायबर शाबूत दिसतो आणि आतून लाकूड कुजत जातं. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं फ्लोअर ठोकत चला. टणक आवाज आला तर बरं, भदभद आला तिथे खडूनं गोल करा.

धरणकाठ
मापं घेतली. काठापासून बाहेरचं पाणी २२ सेंमी, फ्लोअर २० सेंमी. म्हणजे फ्लोअर २ सेंमी वर.

डोंगा_४४०
मग (आ) या बोटीला बसत नाही.

तुमच्या बोटीचा पाण्याला टेकलेला पसारा साधारण ४ चौ.मी. धरा. बोट १ सेंमी खाली जायला ४० किलो लागतात, २ सेंमीला ८०. एक माणूस आणि एक पोतं वाढलं की सवलत संपली आणि भोकं उलटी चालू. पाणी बाहेर जायच्या ऐवजी आत येणार. तेही सगळीकडे सारखं नाही, वजन मागे असल्यामुळे मागची बाजू आधी आणि जास्त बसते. असल्या भोकांसाठी फ्लोअर पूर्ण वजनात किमान ५ सेंमी वर पाहिजे, ७-८ असेल तर निर्धास्त. भोकांवर बाहेरून रबरी झडप लावतात, ती लाटेचा मारा अडवते. पण झडपेखाली शेवाळ नाहीतर जलपर्णीचं एक मूळ अडकलं की ती मिटत नाही, आणि आपल्याकडच्या तलावांत या दोन्हींची कमी नाही.

आता पावसाचा हिशोब. १ चौ.मी.वर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर. बोटीचं उघडं तोंड ५ चौ.मी. धरलं तर ६० मिमीच्या एका सरीत ३०० लिटर, म्हणजे ३०० किलो. बोट ७-८ सेंमी खाली. २३ सप्टेंबर २०२३ ला नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला त्या रात्री काही तासांत शंभर मिमीच्या वर पडला होता. तेवढ्यात याच बोटीत ५०० लिटर होतात. नागपूरचा वर्षाचा पाऊस हजार-अकराशे मिमी, बहुतेक जून ते सप्टेंबरमधला. या चार महिन्यांत उघड्या बोटीत पाच हजार लिटर पडणार हे धरूनच चला.

आणि हे वजन पोत्यासारखं एका जागी बसत नाही. बोट जरा कलली की सगळं पाणी त्याच बाजूला धावतं आणि तिला आणखी कलवतं. चार बोटं पाणी असताना दोन माणसं एकाच काठाला पिंजऱ्याची जाळी ओढायला उभी राहिली तर बोट उलटायला लाट लागत नाही.

तलावकाठची
पण पाणी पावसाचंच आहे हे नक्की का? समुद्रावरचे लोक चव घेऊन सांगतात, पाऊस की समुद्र. आपल्याकडे दोन्ही गोडं. कोरड्या दिवसांतही बुचातून पाणी निघत असेल तर ते तळातून येतंय, आणि मग सगळा उपायच बदलतो.

रेझिनवाला
ताई, बरोबर मुद्दा. तपासायची पद्धत साधी आहे.

बोट ट्रेलरवर किंवा टायरांवर ठेवा, तळाला चार-पाच ठिकाणी आधार. बाहेरचा तळ पुसून कोरडा करा आणि जोडांवर, बुचाच्या कडेला, खिळ्या-बोल्टांभोवती खडूची भुकटी चोळा. खालच्या पोकळीत तपासणीचं झाकण असेल तर तिथून, नसेल तर बुचाच्या भोकातून पाईपनं नीळ घातलेलं २०-२५ लिटर पाणी सोडा. जास्त नको. बोटीचा तळ बाहेरच्या पाण्याचा दाब सोसायला केलेला असतो. जमिनीवर आत दोनशे लिटर भरले तर आधार नसलेल्या जागी तडे जातात. तासाभरानं भुकटीवर निळा ओघळ दिसेल. बहुतेक वेळा तो तळाच्या मधोमध नसतो, बुचाच्या नळीच्या कडेला असतो.

फोम किती प्यायला ते कळायला धर्मकाट्यावर जा. ट्रेलरसकट बोट, मग रिकामा ट्रेलर. काटा ५-१० किलोच्या पटीत दाखवतो, तरी चालतं. १४ फुटी बोटीचं नुसतं वजन बांधणीप्रमाणे दीडशे ते सव्वादोनशे किलो असतं. बनवणाऱ्यानं दिलेल्या वजनापेक्षा ६०-७० किलो जास्त आलं तर फोम भिजलाय. खात्रीसाठी फ्लोअरच्या सर्वांत मागच्या, खोल कोपऱ्यात ४० मिमीच्या होल-सॉनं फक्त प्लायवूडपुरतं भोक घ्या. ड्रिलला टेप गुंडाळून खोलीची खूण करा, नाहीतर खालचा तळ गाठाल. फोमचा तुकडा काढून मुठीत पिळा. थेंब पडला तर काढावाच लागेल.

धरणकाठ
धर्मकाट्यावर बोट २३५ भरली. मूळ वजन १९० सांगितलं होतं. मागच्या कोपऱ्यातला फोम पिळल्यावर पाणी आलं, मधला कोरडा आहे.

रेझिनवाला
मग मागचाच काढा, आणि तिथे निचऱ्याची विहीर करा. तुमच्या तिन्ही पर्यायांत हा नव्हता, पण या बोटीला हाच बसतो.

मागच्या फळीला लागून, मध्यभागी, फ्लोअर ४० × ३० सेंमी कापा. पटाशीनं फोम खरवडून तळ उघडा करा आणि पुढच्या कोरड्या फोमच्या तोंडाशी आडवी भिंत घाला. १२ मिमीची मरीन प्लायची पट्टी, दोन्ही बाजूंनी फायबर. भिंतीला भोक ठेवायचं नाही. फ्लोअरवरचं सगळं पाणी उतारानं या विहिरीत येतं, विहिरीच्या तळाशी तुमचं जुनं बूच आणि पंपही इथेच. फोम आणि पाणी एकमेकांना भेटत नाहीत.

काढलेल्या फोमचा तरंग दुसरीकडे भरून द्या. २० लिटरचा घट्ट बंद कॅन साधारण १९ किलो उचलतो. पुढच्या बाकाखाली पट्ट्यानं बांधा. थर्माकोल पॉलिएस्टर रेझिनला लागला की विरघळतो, पेट्रोललाही. तो नको.

आता कामाची वेळ. सुकवायला नागपूरचा मे महिना, रेझिनला मात्र तोच वाईट. फोम काढल्यावर बोट उन्हात उघडी ठेवा, बूच काढून, पुढचं टोक वर. ४४-४५ अंशाच्या कोरड्या हवेत भिजलेलं प्लायवूड जेवढं सुकेल तेवढं श्रावणात महिनाभर ठेवूनही सुकणार नाही. पण मॅट, म्हणजे रेझिननं भिजवून बसवायची काचतंतूंची चादर, मारायची ती सकाळी, सूर्य डोक्यावर यायच्या आत. जीपी पॉलिएस्टर रेझिनला हार्डनर एरवी १.५ ते २ टक्के टाकतात. या उष्णतेत १ टक्का. त्याच्या खाली गेलात तर रेझिन कायम चिकट राहतं. एका वेळी पाव किलोच कालवा आणि पसरट ट्रेमध्ये, खोल डब्यात नाही. डब्यात स्वतःच्याच उष्णतेनं धुमसायला लागतं. एक्सलरेटर म्हणजे कोबाल्ट वेगळा आला असेल तर तो आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, मग हार्डनर. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकत्र केले तर भडका उडतो. बहुतेक रेझिन कोबाल्ट घालूनच मिळतं, दुकानात विचारून घ्या.

जुना फायबर ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं चमक जाईपर्यंत घासा, अ‍ॅसिटोननं पुसा. कोपऱ्यात मॅट काटकोनात वळत नाही, पोकळ राहते. आधी पुट्टीनं कोपरा गोल करा. मग ४५० ची (चौ.मी.ला ४५० ग्रॅम) मॅट दोन थर, दुसरा पहिल्यापेक्षा ५ सेंमी रुंद. रोलर फिरवून हवा काढा. पांढरे डाग राहिले तिथे पुढे पाणी शिरतं.

तलावकाठची
बुचाच्या नळीचं काय? गळती तिथेच असते म्हणालात.

रेझिनवाला
तीच या कामातली सगळ्यात नाजूक जागा. मागच्या फळीच्या पोटात प्लायवूड असतं, आणि कारखान्यात भोक पाडून नळी नुसती ठोकलेली असते. लाकडाची कड उघडी.

नळी काढा. भोकातून वाकवलेला खिळा ड्रिलला लावून दोन्ही फायबरच्या मधलं लाकूड सगळीकडून १० मिमी मागे खरवडा. बाहेरचे थर तसेच ठेवायचे. भुसा काळा आणि ओला निघाला तर थांबा. आतल्या बाजूनं ५-५ सेंमीवर ६ मिमीची भोकं घेऊन आठवडे-दोन आठवडे सुकू द्या. हाताला चुरा येत असेल तर मात्र फळीच बदलावी लागेल, वरवरचं काही चालणार नाही.

सुकल्यावर पातळ एपॉक्सी ब्रशनं दोनदा पाजा. मग एपॉक्सीत एरोसिल पावडर घालून घट्ट श्रीखंडाइतपत करा आणि पोकळी ठासून भरा, बाहेरून टेप लावून. एपॉक्सीचा हार्डनर उन्हाळा म्हणून कमी करायचा नाही, तो पॉलिएस्टरचा नियम. एपॉक्सीत डब्यावरचं प्रमाण वजनकाट्यानं तंतोतंत, नाहीतर कधीच कडक होत नाही. दुसऱ्या दिवशी मध्यभागी पुन्हा २५-२६ मिमीचं भोक. आता भोकाची भिंत एपॉक्सीची आहे. सील सुटलं तरी पाणी लाकडापर्यंत जात नाही.

नळी पितळी किंवा ३१६ स्टीलची. गोड्या पाण्यात पितळ मजेत टिकतं, जीआयचा तुकडा बसवाल तर गंजून तिथेच अडकेल. सील म्हणून पॉलियुरेथेन सीलंट घ्या, सिकाफ्लेक्सच्या जातीचं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन नको: पितळ खातं, आणि त्या जागेवर पुन्हा काही चिकटत नाही. एम-सील दगडासारखं होतं, बोट हलली की कडेनं सुटतं. सीलंट रोज २-३ मिमीच आत मुरतं, आठवडाभर पाण्यात सोडू नका.

क्रम लक्षात ठेवा: जुन्या पॉलिएस्टरवर एपॉक्सी बसतं, एपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट बसत नाही. विहिरीची मॅट आधी, नळीचं काम नंतर.

वाळ्याची_ताटी
पंपाला एवढे पैसे काहून घालता? कूलरचा पंप दोन-तीनशेत येतो. घरात पडलेला असतो. छोटा इन्व्हर्टर लावला की झालं.

बारा_व्होल्ट
राजेहो, कूलरचा पंप २३० व्होल्टचा. कूलरच्या टाकीत तो निदान अर्थिंगच्या आधारानं चालतो, आणि तिथेही दर उन्हाळ्यात शॉकच्या बातम्या येतात. ओल्या बोटीत, अनवाणी माणसाजवळ, धरणाच्या मध्यावर ते घेऊन जाऊ नका. कूलरचं रबरी बूचही बोटीला लावू नका, ते आतून पाण्याच्या दाबावर टिकतं. बोटीत दाब बाहेरून येतो आणि बूच आत ढकललं जातं.

१२ व्होल्टचा बिल्ज पंप, म्हणजे बोटीच्या तळातलं पाणी उपसणारा, घ्या. या मापाला ५०० गॅलन-तासाचा पुरतो, म्हणजे कागदावर तासाला १९०० लिटर. तो आकडा पाणी अजिबात वर न चढवता आणि बॅटरी भरलेली असतानाचा. मीटरभर वर आणि दोन मीटर पाईप धरलात तर हातात १२००-१३०० येतात. ३०० लिटर पाऊस पंधरा मिनिटांत बाहेर. करंट २ अँपिअरच्या आसपास, म्हणजे अर्धा अँपिअर-तास. ३५ अँपिअर-तासाच्या बॅटरीला ते काहीच नाही. सांगायचं हे की पंप करंटअभावी बंद पडत नाही. तो पडतो पळसाच्या एका पानामुळे.

म्हणून फ्लोट स्विच (पाणी चढलं की तरंगून पंप सुरू करणारा) विहिरीच्या भिंतीपासून दोन बोटं मोकळा, वरखाली अडणार नाही असा. पंपाची जाळी खालून निघते ती दर आठवड्याला काढून धुवायची. वायरिंग असं: पंपाच्या दोन प्लस वाटा, एक फ्लोटमधून थेट बॅटरीला आणि दुसरी हाताच्या स्विचमधून. फ्लोटची वाट मेन स्विचच्या आधी घ्या, नाहीतर घरी जाताना मेन बंद केला की रात्रीचा पाऊस आतच. फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात, आणि पंपावर लिहिलेल्याच अँपिअरचा. पान अडकून पंखा थांबला की करंट कित्येक पट चढतो. मोठा फ्यूज टाकला असेल तर फ्यूज राहतो आणि वायर जळते. वायर अडीच चौ.मिमी, टिनचा मुलामा असलेली. जोड विहिरीत नाही, काठाजवळ उंच, गोंद असलेल्या हीट-श्रिंकमध्ये.

पाईप आतून गुळगुळीत. वळ्यावळ्यांचा पाईप स्वस्त आणि वाकायला सोपा, पण धार बरीच कमी करतो. बाहेरचं तोंड पूर्ण वजनातही पाण्याच्या वीतभर वर. खाली ठेवलंत तर पंप थांबल्यावर तलाव उलटा आत येतो. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हचा मोह नको, कचऱ्यानं तोच आधी तुंबतो. त्याच्याशिवाय दोन मीटरच्या १९ मिमी पाईपमधलं अर्धा-पाऊण लिटर पाणी परत खाली येईल. विहीर फार अरुंद असेल तर तेवढ्यानं फ्लोट पुन्हा उचलला जातो आणि पंप रात्रभर चालू-बंद खेळत बसतो. रेझिनवालांचं ४० × ३० म्हणूनच योग्य आहे, अर्ध्या लिटरनं तिथे पातळी अर्धा सेंमीही वाढत नाही.

धरणकाठ
चालत्या बोटीत बूच काढलं की पाणी आपोआप मागे ओढलं जातं असं ऐकलं. पंप नसताना ते जमेल?

डोंगा_४४०
वेगात पाण्यावर उचलली जाणारी हलकी बोट असेल तर जमतं. खाद्य भरलेली तुमची बोट ९.९ वर तेवढी उचलली जाणार नाही. आणि इंजिन बंद पडलं तर? तुमचं भोक पाण्याच्या १५ सेंमी खाली आहे. २५ मिमीच्या भोकातून तिथे मिनिटाला ३० लिटर आत येतात, तासाला १८००. वर सांगितलेल्या पंपाला ते झेपत नाही. म्हणून बूच पाण्यात असताना काढायचंच नाही. आणि जोडीचं बूच दोरीनं बांधून बोटीतच ठेवा. उन्हानं रबर तडकतं, लिव्हर ढिला पडतो.

हातानं उपसायला ५ लिटरचा तेलाचा कॅन, तळ तिरपा कापून. मूठ आयती मिळते आणि धार तळाला घासून बसते.

तलावकाठची
पावसाळ्यात बोट पाण्यात ठेवायचीच का, हाही प्रश्न आहे. खाद्य रोज टाकायचं तर ठेवावी लागते, मान्य. मग पुढच्या टोकाला बांधा, मागे नाही. मागचा काठ इंजिनामुळे आधीच खाली असतो आणि लाटा तिथूनच आत येतात. दोर लांब ठेवा. रात्रीत जलाशय मीटरभर चढला आणि दोर आखूड असला तर टोक खाली ओढलं जातं.

काम नसेल तेव्हा जमिनीवर, पुढचं टोक वीतभर वर, बूच काढून. ताडपत्री नुसती पसरू नका. मधोमध बांबू किंवा पीव्हीसी पाईपचा आढा करून दोन्हीकडे उतार द्या. सपाट ताडपत्रीवर २ × १ मीटरचं तळं १० सेंमी खोल झालं की २०० किलो, मग ती फाटते आणि सगळं एकदम आत. दोन्ही टोकं हवेला उघडी, नाहीतर आत बुरशी.

वाळ्याची_ताटी
बूच काढून ठेवलं तर उंदीर, साप शिरणार नाहीत? जाळी लावू का भोकाला?

डोंगा_४४०
जाळी पानांनी तुंबते आणि मग बूच लावल्यासारखंच. खरी अडचण कुंभारीण माशीची. २५ मिमीची कोरडी नळी तिला फार आवडते, आठवड्याभरात मातीनं लिंपून टाकते आणि पहिल्या पावसात बोट भरते. जाळी नको, दर रविवारी जाड तार आरपार फिरवा. काढलेलं बूच इंजिनच्या दोरीला बांधून ठेवा, म्हणजे ते न लावता इंजिन सुरूच करता येणार नाही.